मनाचा चकवा : ह्यूस्टनचे एक रॅप गाणे कसे ऐकावे

हे गाणे पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्ष देऊ नये. रॅप म्हणजे शब्दांची करामत, म्हणून आधी शब्द पकडावेत, असे आपल्याला वाटते आणि बहुतेक गाण्यांच्या बाबतीत ते योग्यही असते. परंतु ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’ या गाण्याच्या बाबतीत गिटार आधी आणि शब्द नंतर हा क्रम पाळला, तर पुढचे पुष्कळ काही आपोआप उलगडत जाते. एक छोटी सुरावट सुमारे पाच मिनिटे पुन्हा पुन्हा वाजत राहते. ती दचकवणारी नाही आणि ताण वाढवत नेणारीही नाही. ती मऊ, संथ आणि किंचित उदास आहे. मध्यरात्री समोरच्या इमारतीतल्या कोणाच्या तरी खिडकीतून ऐकू यावी तशी. ऐकताना एवढेच ध्यानात घ्यावे की या सुरावटीला कोठेही पोचायचे नाही. ती जेथे संपते तेथूनच पुन्हा सुरू होते.

दुसऱ्यांदा ऐकण्यापूर्वी या सुरावटीचे मूळ ऐकावे. ती आयझॅक हेज या अमेरिकी गायक-संगीतकाराच्या १९७४ सालच्या ‘हंग अप ऑन माय बेबी’ या रचनेतून घेतलेली आहे. ‘थ्री टफ गाइज’ या चित्रपटासाठी हेज यांनी ती केली होती आणि त्या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली होती. ही वाद्यांची रचना आहे. तिच्या नावाचा अर्थ मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे : प्रियेच्या ठायी जीव अडकलेला माणूस. प्रेमात अडकून पडलेल्या जिवाची ही सुरावट सतरा वर्षांनंतर अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरातल्या तरुणांनी उचलली आणि तिच्यावर भीतीचे, निद्रानाशाचे आणि एकटेपणाचे शब्द बसवले. गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात एका गमावलेल्या स्त्रीचा उल्लेख येतो. तेथे पोचल्यावर मला नेहमी असे वाटते की गिटारला ती गोष्ट पहिल्यापासून ठाऊक होती आणि माणसाच्या तोंडून ती बाहेर पडायला एवढा वेळ लागला.

गाणे १९९१ सालचे आहे आणि ते ‘गेटो बॉइज’ या गटाचे आहे. त्या वेळी स्कारफेस, विली डी आणि बुशविक बिल हे तिघे रॅपर या गटात होते. अमेरिकेतील रॅप तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन शहरांभोवती फिरत असे आणि टेक्सासमधील गटाची दखल घेतली गेलीच तर ती त्यांच्या शब्दांतील हिंसेमुळे घेतली जाई. आदल्याच वर्षी, म्हणजे १९९० मध्ये, गेफेन या मोठ्या कंपनीने त्यांचा अल्बम वितरित करण्यास नकार दिला होता. हे माहीत असले म्हणजे या गाण्याचे ‘बिलबोर्ड हॉट १००’ या अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २३व्या क्रमांकापर्यंत जाणे वेगळ्या अर्थाने समजते. ज्यांची ओळख मर्दुमकी, बंदूक आणि बेपर्वाई यांच्याशी जोडलेली होती, त्याच माणसांनी येथे सांगितले की आम्हांला झोप येत नाही, आम्हांला कोणाचा भरवसा वाटत नाही, आणि आम्हांला दिसते ते खरे आहे की नाही हेही आता कळत नाही. लोकांनी ते ऐकले आणि आपलेसे केले.

शब्द वाचायला घेण्याआधी आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करावी : या भीतीचा उगम पोकळ कल्पनेत नाही. १९९१ साली अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ९.८ खून झाले आणि त्या देशाच्या अलीकडच्या इतिहासातील तो अतिशय वाईट काळ होता. १९८०च्या दशकात तेलाचे भाव कोसळल्यावर ह्यूस्टनची अर्थव्यवस्था ढासळली होती, आणि क्रॅक कोकेनचा धंदा गरीब वस्त्यांमध्ये खोलवर शिरला होता. गाण्यातला निवेदक या धंद्यातला माणूस आहे. त्याच्या मागावर कोणीतरी असणे शक्य आहे. गाण्याची खरी धार यातच आहे, कारण त्याची भीती सरसकट भ्रम ठरवून बाजूला सारता येत नाही आणि सरसकट खरीही मानता येत नाही. आघातानंतरच्या तणावविकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० साली स्थान मिळाले, मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांमुळे. दचकून उठणे, सतत पाठीमागे पाहणे, निरुपद्रवी माणसात शत्रू दिसणे या त्या विकाराच्या खुणा गाण्यात ओळीओळीत सापडतात. तरीही माझा सल्ला असा की रोगाचे नाव ठेवण्याची घाई करू नये. नाव ठेवले की ऐकणे थांबते.

आता शब्द समोर ठेवून ऐकावे. भाषा ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय वस्तीतली आहे, शिव्या भरपूर आहेत, आणि स्त्रियांविषयीचे एक-दोन शब्द कानाला खरोखर बोचतात. शिव्या गाळून वाचण्याचा मोह टाळावा, कारण कोण कोणाला केव्हा शिवी घालतो यावरच तिसऱ्या कडव्याचा अर्थ उभा आहे. सोबत एक कोरा कागद घ्यावा आणि प्रत्येक कडव्यासाठी दोनच प्रश्नांची उत्तरे त्यावर लिहावीत : याला भीती कोणाची वाटते आहे, आणि या क्षणी याच्याजवळ कोण आहे? गाण्याला वेगळे गायचे पालुपद नाही. प्रत्येक कडवे शीर्षकाच्या ओळीपाशी येऊन थांबते एवढेच. त्यामुळे चार कडवी म्हणजे चार स्वतंत्र कबुल्या आहेत असे समजून वाचायला हरकत नाही.

पहिले कडवे स्कारफेसचे. चार भिंतींच्या खोलीत तो मेणबत्त्यांकडे पाहत एकटा बसला आहे. झोप नाही, डोळे मिटले की घाम फुटतो, आई सांगते आहे की तुझे वागणे बरे नाही. वारा आला तरी हात शस्त्राकडे जातो, दर थोड्या वेळाने तो खिडकीतून बाहेर डोकावतो, आपला दूरध्वनी कोणी चोरून ऐकत तर नाही ना हे तपासतो. या सगळ्याच्या मधेच येते या कडव्याची कळीची जागा. पांघरुणात असताना त्याला एक माणूस दिसतो आणि जाग आली की तो नाहीसा होतो. त्या माणसाच्या डोक्यावर काळी टोपी आहे, निवेदकाकडे आहे तशीच; अंगावर काळा सूट आहे आणि हातात काठी आहे, तीही निवेदकाच्या काठीसारखी. कागदावर ‘भीती कोणाची’ या प्रश्नापुढे येथे काय लिहावे, यावर थोडा वेळ द्यावा. निवेदक स्वतः ते उत्तर देत नाही. तो पुरावे मांडतो आणि निष्कर्षापाशी आला की वळून निघून जातो, आणि पुन्हा म्हणतो की मला कोणीतरी मारायला टपले आहे.

या कडव्याच्या शेवटच्या ओळीतील एक सर्वनाम सहज निसटून जाते, ते पकडावे. पुढील तिन्ही कडवी ‘माझे मन मला फसवते आहे’ अशा अर्थाच्या ओळीने संपतात. पहिले मात्र ‘तुमचे मन तुम्हांला फसवू लागले की कठीणच’ अशा अर्थाने संपते. आपल्याकडेही माणूस स्वतःच्या दुःखाविषयी बोलताना ‘माणसाला असे होते’ किंवा ‘आपल्याला कधीकधी झोप लागत नाही’ अशी आडवाट घेतो. ‘मला’ हा शब्द उच्चारायला धीर लागतो, आणि या गाण्यात तो धीर पहिल्या कडव्यात अजून आलेला नाही.

दुसऱ्या कडव्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. विली डी पैसा, मोठ्या गाड्या आणि प्रसिद्धी यांपासून सुरुवात करतो आणि लगेच रात्री मागून येणाऱ्या दिव्यांपाशी पोचतो. आपला पाठलाग करणारा कोण असेल, याची यादी तो मनात करतो : ज्याला हुसकावले तो, ज्याच्यावर गोळी झाडली तो, की ज्याला फसवले तो. यादी महत्त्वाची आहे, कारण प्रत्येक संशयित हा विली डीच्या स्वतःच्या एखाद्या कृत्याचा बळी आहे. शस्त्र हातात घेऊन तो सज्ज होतो आणि समोर येतात तीन अंध, अपंग, जराजर्जर म्हातारे. तो हसण्याची गोष्ट म्हणून हे सांगतो, पण हसणे एका ओळीपलीकडे टिकत नाही, कारण पुढच्याच ओळींत तो कबूल करतो की सोबत्यांना घेतल्याशिवाय मी कोठेही जात नाही. कागदावरील दुसऱ्या प्रश्नापुढे येथे ‘सोबती’ असे लिहावे आणि त्याखाली रेघ मारावी. चौथ्या कडव्यात या शब्दाची गरज पडणार आहे.

तिसरे कडवे सावकाश वाचावे. शक्य असल्यास येथे गाणे थांबवून आधी नुसते शब्द वाचावेत. आवाज पुन्हा स्कारफेसचा आहे. हे गाणे आले तेव्हा तो अवघ्या वीस वर्षांचा होता, हे वाचताना विसरू नये. तो सांगतो की दिवसागणिक सोसणे अशक्य होत चालले आहे. माल विकणारा मी, पण तो घेणारा मीच आहे असे वाटावे अशी अवस्था झाली आहे. हात थरथरतात. दर रविवारी तो चर्चमध्ये जातो, क्षमा मागतो, या धंद्यातून बाहेर पडण्याची वाट शोधतो. देव आपल्याकडे पाहतो आहे हे त्याला ठाऊक आहे आणि तरीही आनंद वाटत नाही. या एका ओळीत श्रद्धा आणि रितेपणा शेजारी शेजारी बसले आहेत, आणि एकाने दुसऱ्याला बाहेर ढकललेले नाही. पुष्कळ वाचक असे गृहीत धरतात की अस्तित्वाविषयीची चिंता म्हणजे देव नसल्याची चिंता. या तरुणाचा देव जागेवर आहे. नाहीसे झाले आहे ते दुसरेच काही.

मग तो मृत्यूचा विचार बोलून दाखवतो आणि तो विचार सगळ्या काळज्यांतून सुटका म्हणून मांडून होतो न होतो तोच स्वतःच खोडून काढतो. त्याचे कारण तत्त्वज्ञानाचे नाही : सांभाळायला लहान मुलगा आहे. आपण गेलो तर त्या मुलाला बाप उरणार नाही. मी या ओळींपाशी दर वेळी थांबतो, कारण जगण्याचा अर्थ काय, हा मोठा प्रश्न येथे लहान होऊन एका मुलाच्या आकाराचा झाला आहे, आणि त्या आकाराचा असतानाच त्याला उत्तर मिळाले आहे. कागदावर ‘याच्याजवळ कोण आहे’ या प्रश्नापुढे येथे मुलाचा उल्लेख करावा, जरी तो त्याच्या शेजारी हजर नसला तरी.

यानंतरच्या ओळींसाठीच शिव्या गाळू नका असे वर म्हटले होते. एक स्त्री त्याच्या सोबत होती. तिने त्याला आधार दिला, पण तिचा आधारही त्याला सापळा वाटला. ती आपल्या बाजूने आहे की आपल्यावर टपली आहे, हे त्याला कळेना. तेव्हा ती त्याच्या लेखी कोण होती हे सांगताना तो तिच्यासाठी अपशब्द वापरतो. लगेच पुढे तो सांगतो की ती आता आईकडे परत गेली आहे आणि आपले तिच्यावर प्रेम आहे हे आता कोठे कळते आहे. त्यानंतर गाण्यात प्रथमच तो सरळ शब्द येतो : एकाकी वाटते आहे. हा क्रम उलटा लावून पाहावा, म्हणजे त्याचे मोल कळते. एकाकी होता म्हणून संशय घेऊ लागला, असे गाणे म्हणत नाही. संशय घेत राहिला, प्रत्येक जवळच्या माणसात शत्रू पाहत राहिला, आणि त्या पाहण्याने माणसे गेली. तो अपशब्द त्या पाहण्याचा पुरावा म्हणून गाण्यात आहे. तो मला आवडत नाही आणि आवडून घेण्याची आवश्यकताही नाही, परंतु तो काढून टाकला तर कबुली अर्धी राहते.

शीर्षकाचा मराठी अर्थ लावण्याचे काम येथे करावे. आधी केले तर ते कोरडे होते. ‘माझे मन माझ्याशी खेळ करते आहे’ हे शब्दशः जवळचे भाषांतर आहे, पण ‘खेळ’ हा शब्द या मजकुराला पेलत नाही. ‘मन मला फसवते’ हे बरे आहे, तरी त्यात हिशेबी लबाडी येते. मला ‘चकवा’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. कोकणात काय किंवा देशावर काय, रात्रीच्या वेळी चकवा लागलेल्या माणसाच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकलेल्या असतात. तो माणूस अनोळखी रानात हरवत नाही. तो आपल्याच शेतात, आपल्याच पायवाटेवर फिरत राहतो, आणि रात्रभर चालून पुन्हा त्याच झाडाशी येतो. गाण्यातल्या माणसाचे नेमके हेच झाले आहे, आणि ज्या सुरावटीवर तो बोलतो आहे तीही त्याच झाडाशी परत येत राहते. गाण्याचे भाषांतर करून पाहण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी तिसऱ्या कडव्यातील चार-पाच ओळी आपल्या बोलीत, आपल्या घरात रागावल्यावर जशी भाषा बोलली जाते त्या भाषेत उतरवून पाहाव्यात. प्रमाण भाषेत त्या फार सभ्य होतात.

चौथे कडवे बुशविक बिलचे आहे आणि पहिल्या ऐकण्यात ते बहुतेकांना विचित्र वाटते, कारण ते एखाद्या भुताच्या गोष्टीसारखे सुरू होते. हॅलोविनचा, म्हणजे मुले भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात तो सण शनिवार-रविवारी आला आहे, तो आणि त्याचे सोबती लहान मुलांच्या खाऊच्या पिशव्या लुबाडत फिरत आहेत. एक म्हातारा त्यांच्या मागे लागतो. ते वेग वाढवतात, मागे वळून पाहतात, तर तो समोर उभा. मारामारी जुंपते. तो माणूस सहा-सात फूट उंच आहे, आणि हाच आपल्या स्वप्नात येतो असे निवेदक सांगतो. बुशविक बिलची स्वतःची उंची तीन फूट आठ इंच होती. ज्यांना हे ठाऊक असते त्यांना त्या आकृतीचे मोजमाप आणखी वेगळे जाणवते. तिघे मिळून त्याला मारतात, रक्त उडते, आणि मग एकाच ओळीत दोन गोष्टी घडतात : तो माणूस नाहीसा होतो आणि सोबतीही नाहीसे होतात.

बहुतेक लिखाणांत भर असतो तो पुढच्या ओळींवर : हॅलोविन जवळपासही नव्हता, रस्ता अंधारा होता, आणि सिमेंटच्या रस्त्यावर बुक्के मारून त्याचे हात रक्ताळले होते. ते चित्र भेदक आहेच. पण आपण दुसऱ्या कडव्यात ज्या शब्दाखाली रेघ मारली होती त्याकडे आता पाहावे. शत्रू खोटा निघाला तर माणूस सुटकेचा निःश्वास टाकू शकतो. सोबतीही खोटे निघाले, तर सुटका कसली? विली डीच्या कडव्यात भीतीवर उपाय म्हणून जे सोबती होते, ते या कडव्यात भीतीच्याच कापडातून बेतलेले निघतात. एकटेपणाचे इतके निर्दय आणि इतके अचूक चित्र मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी एकटेपणाचे तीन प्रकार वेगळे केले आहेत आणि चारही कडवी वाचून झाल्यावर त्यांचा उपयोग होतो. पहिला, इतर माणसांपासून तुटलेपण. दुसरा, स्वतःच्याच एखाद्या भागापासून तुटलेपण. तिसरा, कितीही जवळची माणसे असली तरी न बुजणारे अंतर, कारण आपला जन्म, आपला मृत्यू आणि आपल्या निवडी आपल्यासाठी दुसरे कोणी जगू शकत नाही. आईकडे परत गेलेली स्त्री हे पहिल्याचे उदाहरण, काळ्या टोपीतला माणूस दुसऱ्याचे, आणि रिकाम्या रस्त्यावर स्वतःचे रक्ताळलेले हात पाहणारा माणूस तिसऱ्याच्या अगदी जवळचा. ही विभागणी कडव्यांवर तंतोतंत बसवण्याचा अट्टहास करू नये. तिसऱ्या कडव्यात तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले आहेत. विभागणीचा फायदा एवढाच की ‘गाणे एकटेपणाविषयी आहे’ असे म्हणून थांबता येत नाही; कोणत्या एकटेपणाविषयी, हे सांगावे लागते.

यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, किड कडी या अमेरिकी रॅपरचे ‘डे अँड नाइट’ ऐकावे. स्वतः कडीने आपल्या गाण्यामागची प्रेरणा म्हणून ‘गेटो बॉइज’च्या या गाण्याचे नाव घेतले आहे. क्लीव्हलँडमध्ये वाढलेल्या या मुलाचे वडील तो अकरा वर्षांचा असताना कर्करोगाने गेले. तो न्यूयॉर्कला आला आणि काकांकडे राहू लागला; त्या काकांनी दुसरी सोय होण्याआधीच त्याला घराबाहेर काढले, त्यातून मनात अढी बसली, आणि ती मिटण्याआधीच २००६ साली काका वारले. क्षमा मागायची राहून गेली ती गेलीच, आणि त्यातून हे गाणे आले, असे त्याने सांगितले आहे. डॉट द जीनियस या मित्राबरोबर केलेले हे गाणे आधी इंटरनेटवरून पसरले आणि २००९ साली ‘हॉट १००’मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. त्यात बंदूक नाही, पाठलाग नाही, शत्रू नाही. रात्री एकटा भटकणारा, नशेत मन मोकळे करू पाहणारा एक तरुण आहे, आणि तो स्वतःविषयी तृतीय पुरुषात बोलतो. पहिल्या कडव्यातील ‘तुमचे मन’ आठवावे. ‘मी’ला टाळण्याची ही आणखी एक वाट आहे.

येथे एक प्रयोग जरूर करावा. ‘डे अँड नाइट’चे ‘क्रूकर्स’ या इटालियन जोडीने केलेले नृत्यासाठीचे रूपांतर ब्रिटनमध्ये फार गाजले आणि तेथील यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. मूळ गाणे आणि हे रूपांतर लागोपाठ ऐकावे. शब्द जवळजवळ तेच आहेत. मूळ गाण्यात यंत्रातून आल्यासारखे थेंब-थेंब सूर आणि त्यांमध्ये भरपूर रिकामी जागा आहे. रूपांतरात ती जागा तालाने भरली आहे आणि एकाकी तरुणाचे बोल शेकडो माणसे एकत्र नाचताना म्हणू शकतात. काहींना यात मूळ भावनेचा अपमान वाटतो. मला तसे वाटत नाही, पण ऐकणाऱ्याने आपला कौल आपण द्यावा, आणि मग हेज यांच्या प्रेमाच्या सुरावटीचे ह्यूस्टनमध्ये जे झाले त्याच्याशी तो ताडून पाहावा. शब्द तेच ठेवून ताल बदलला की एकटेपणाला सोबत मिळते. सुरावट तीच ठेवून शब्द घातले की प्रेमात भीती दिसू लागते.

कडीने ऑक्टोबर २०१६ मध्ये नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांवरील उपचारांसाठी आपण दाखल झाल्याचे जाहीरपणे लिहिले. स्कारफेसनेही तरुणपणातील नैराश्याविषयी आणि मनोविकार विभागात घालवलेल्या दिवसांविषयी पुढे मोकळेपणाने सांगितले. म्हणून ही गाणी ऐकण्याविषयीचा शेवटचा सल्ला व्यवहाराचा आहे. सलग काही रात्री झोप लागत नसेल आणि मन काळवंडले असेल, तर हे गाणे एकट्याने, कानात बसवून, पुन्हा पुन्हा ऐकू नये. ही सुरावट गोल फिरणारी आहे आणि थकलेले मन तिच्यासोबत सहज फिरू लागते. दिवसा ऐकावे, दुसऱ्या माणसाबरोबर ऐकावे. जगणे नकोसे वाटण्याचे विचार स्वतःच्या मनात येत असतील, किंवा गाण्याविषयी बोलता बोलता समोरच्याने तसे काही सुचवले, तर गाणे बाजूला ठेवून त्याविषयीच सरळ विचारावे आणि बोलावे. भारत सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. त्या कडव्यातला वीस वर्षांचा मुलगा दर रविवारी चर्चमध्ये जात होता, पण देवाखेरीज कोणाशी बोलला असे गाणे कोठेही सांगत नाही.

दुसऱ्या माणसाबरोबर ऐकायला बसल्यावर चौथ्या कडव्याचा अगदी शेवट पुन्हा ऐकावा. सोबती नाहीसे झाले आहेत, रस्ता अंधारा आहे, हात रक्ताळलेले आहेत, आणि शीर्षकाची ओळ म्हणण्यापूर्वी बुशविक बिल ‘अरे दोस्ता’ अशा अर्थाची हाक मारतो. त्या रस्त्यावर आता कोणीही नाही. ती हाक ऐकणारे फक्त आपण आहोत. गाणे संपल्यावर लगेच बोलू नये. गिटार पूर्ण थांबू द्यावी, आणि मग शेजारी बसलेल्याला विचारावे की ती हाक कोणाला होती.